वाईट गेलेल्या वर्षाचं थँक्सगिव्हिंग कसं करावं

त्या वर्षी मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेली आणि मे महिन्यात सांगलीला आई गेली. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाची नोकरी सुटली की पुढची सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या मुदतीत आम्ही स्टेटस, म्हणजे इथे राहण्याच्या परवानगीचा प्रकार, बदलण्याचा अर्ज केला होता. असा अर्ज चालू असताना देशाबाहेर गेलं तर तो सोडून दिला असं धरतात, त्यामुळे मला जाता आलं नाही. आईचं अंत्यदर्शन मी ओहायोतल्या आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून फोनच्या पडद्यावर घेतलं. तिकडे वहिनी फोन हातात धरून उभ्या होत्या.

रीतीप्रमाणे लग्न झालेल्या मुलीला आईचं सुतक तीन दिवसांचं. पण दिवाळीला घरात कढई चढली नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या दोन घरांनी फराळाचे डबे आणून दिले, तेवढाच सण. मग नोव्हेंबर उजाडला, थँक्सगिव्हिंग या अमेरिकेतल्या आभार मानण्याच्या सणाचा महिना, आणि लेक शाळेतून कागदाची टर्की, म्हणजे या सणाला खातात तो मोठा पक्षी, घेऊन आली. तिच्या प्रत्येक पिसावर आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते लिहायचं होतं. चार पिसं भरून झाली होती. पाचवं हातात धरून तिनं विचारलं, "गेलेल्या माणसाचं नाव लिहिलेलं चालतं का?"

त्या प्रश्नामुळे आम्ही त्या वर्षी थँक्सगिव्हिंग केलं. नंतरच्या वर्षांत ओळखीच्या दोन घरांमध्ये असाच कठीण काळ आला, तेव्हा त्यांनाही हाताशी धरून करवलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आणि यंदा 'कसले आभार मानायचे?' असं वाटणाऱ्या मराठी घरांसाठी हे आहे.

आधी मनातला गुंता सोडवा: आभार कशाचे?

दुःखात आभाराचा सण करायचा म्हणजे दुःख झाकायचं, असं मला वाटायचं. या सणाचा इतिहास वाचला तेव्हा तो समज गेला.

अमेरिकेत दरवर्षी देशभर थँक्सगिव्हिंग पाळायला लागले ते १८६३ पासून, आणि ते वर्ष ऐन यादवी युद्धातलं होतं. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत गेटिसबर्गच्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१ हजार सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. अध्यक्ष लिंकन यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १८६२ मध्ये, तापाने गेला होता. हा सण देशभर पाळला जावा म्हणून वर्षानुवर्षं पत्रं लिहिणाऱ्या सारा जोसेफा हेल या संपादिका स्वतः विधवा होत्या. नवरा १८२२ मध्ये गेला तेव्हापासून त्यांनी काळे कपडेच घातले. ३ ऑक्टोबर १८६३ च्या जाहीरनाम्यात लिंकननी पिकांबद्दल आणि आरोग्यदायी हवेबद्दल आभार मानायला सांगितलं, आणि त्याच कागदात युद्धामुळे विधवा, पोरके आणि शोकाकुल झालेल्यांसाठी प्रार्थना करायलाही सांगितलं. १९ नोव्हेंबरला ते गेटिसबर्गच्या दफनभूमीत बोलले आणि बरोबर आठवड्याने, २६ तारखेला, देशानं थँक्सगिव्हिंग पाळलं.

म्हणजे शोक आणि आभार पहिल्यापासून एकाच पंगतीला बसलेले आहेत. घडलं त्याबद्दल आभार मानायचेच नाहीत. आई गेली याबद्दल कोण आभार मानेल? आभार मानायचे ते त्या दिवसांत पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसांचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १: करायचं की नाही, आणि किती (तीन आठवडे आधी)

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरातल्या मोठ्यांनी अर्धा तास बसून तीन गोष्टी ठरवून टाका.

पहिली, घरी कुणाला बोलवण्याची ताकद आहे का. नसेल तर दुसऱ्याकडे जा, किंवा घरचेच तिघं-चौघं जेवा. नुकताच मृत्यू झाला असेल, कुणी इस्पितळात असेल, तर 'यंदा नाही' हे उत्तरही योग्यच आहे. मात्र ते आधी ठरवा आणि सांगून टाका. बुधवारी रात्रीपर्यंत हो-नाही करत राहिलं की अपराधीपण तेवढं उरतं.

दुसरी, माणसं किती. माझं स्पष्ट मत आहे की अशा वर्षी आठाच्या वर माणसं नकोत. आठजण एका टेबलाभोवती बसून एकच बोलणं ऐकू शकतात. पंधरा झाली की गट पडतात, आणि ज्याला बोलायचं असतं तो स्वयंपाकघरात भांडी आवरत राहतो.

तिसरी, किती वेळ. सुरुवात आणि शेवट दोन्ही आधीच सांगा. दोन ते पाच पुरे. दुःखातल्या यजमानाला पाहुणे कधी उठणार हे माहीत असलं की बराच धीर येतो.

पायरी २: निरोप धाडताना खरं लिहा

'या, मजा करू' असा निरोप पाठवला की येणारा हसरा चेहरा घेऊन येतो आणि दारातच अवघडतो. मी पाठवलेला निरोप असा होता, हवा तर उचला:

"गुरुवारी दुपारी दोनला आमच्याकडे साधं जेवण आहे, पाचपर्यंत आवरू. आईला जाऊन सहा महिने झाले, तिची आठवण काढणार आहोत. मी मध्येच रडले तर वाटून घेऊ नका, जेवत राहा. तुमच्याकडून फक्त भाजलेल्या भाज्या हव्यात, बाकी काही आणू नका."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. 'काही आणू नका' म्हटलं तरी आपली माणसं रिकाम्या हाताने येत नाहीत, मग तीन घरांतून तीन गाजर हलवे येतात. प्रत्येकाला एकच पदार्थ नेमून द्या. कुणी 'काही मदत हवी का?' असं विचारलं तर 'नको, नको' म्हणू नका. 'बुधवारी संध्याकाळी तासभर मुलीला सांभाळशील?' असं नेमकं काम सांगा. मदत घेता येणं हे कृतज्ञतेचं अर्धं अंग आहे, आणि मला वाटतं आपल्याला तेच जास्त जड जातं.

पायरी ३: पैशाची ओढाताण असेल तर

नोकरी गेलेल्या घरात पहिल्यांदा बोलायची गोष्ट हीच असते आणि ती कुणी बोलत नाही. नोव्हेंबरात बरीच मोठी दुकानं गिऱ्हाईक यावं म्हणून गोठवलेली टर्की फार कमी भावात विकतात. काही ठिकाणी ठरावीक रकमेच्या खरेदीवर ती फुकटही मिळते, त्यामुळे आठवड्याचा किराणा त्याच वेळी घ्या. चारच माणसं असतील तर टर्कीच्या मागे लागू नका, एक अख्खी कोंबडी पुरते.

ओढाताण त्याहून जास्त असेल तर २११ हा क्रमांक फिरवा. जवळची फूड पँट्री (गरजूंना फुकट किराणा देणारी जागा), वीजबिलाची मदत वगैरे तिथून कळतं. बऱ्याच पँट्र्या व्हिसा कुठला हे विचारत नाहीत. पँट्रीच्या रांगेत उभं राहताना आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना फार लाज वाटली होती. पुढच्या वर्षी नोकरी लागल्यावर ते त्याच ठिकाणी शनिवारी खोकी उचलायला जाऊ लागले. जायची वेळ आलीच तर संकोच करू नका.

पायरी ४: जेवण

ताटात तीनच गोष्टी ठेवा: एक या देशाचा पदार्थ, एक आपला, आणि एक गेलेल्या किंवा दूर असलेल्या माणसाच्या आवडीचा. बाकी पाहुण्यांनी आणलेलं.

*टर्की.* माणशी एक पौंड असा हिशोब धरतात. आठजणांना आठ पौंडांची टर्की क्वचितच मिळते, म्हणून बारा पौंडांची घ्या किंवा नुसता छातीचा भाग घ्या. गोठवलेली टर्की फ्रीजमध्ये सुटी व्हायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. बारा पौंडांची टर्की फ्रीझरमधून फ्रीजमध्ये ठेवायची ती रविवारी रात्री, खाली खोल परात ठेवून. हे बुधवारी आठवलं तर पिशवीसकट थंड पाण्यात बुडवा, पौंडामागे अर्धा तास धरा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला आणि सुटी झाल्यावर लगेच शिजवा. ओट्यावर तशीच ठेवून सुटी करू नका. नळाखालीही धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात.

ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइटवर. आत सारण न भरलेल्या आठ ते बारा पौंडांच्या टर्कीला पावणेतीन ते तीन तास लागतात, चार ते सहा पौंडांच्या छातीच्या भागाला दीड ते सव्वादोन. घड्याळापेक्षा थर्मामीटरवर भरवसा ठेवा: मांडीच्या, पंखाच्या आणि छातीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लागता, १६५ अंश. बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावू नका. तेवढ्यात रस मांसात मुरतो आणि यजमानाला तोंड धुऊन येता येतं.

*शाकाहारी पाहुणे असतील तर* विकतच्या स्टफिंगमध्ये (टर्कीबरोबर खायच्या पावाच्या सारणात) आणि ग्रेव्हीत बहुधा कोंबडीचा स्टॉक असतो. रताळ्यावरच्या मार्शमेलोत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं, आणि 'पाय' या गोड पदार्थाच्या कवचात कधीकधी डुकराची चरबी. वेष्टण वाचा. भाजीच्या स्टॉकमध्ये केलेलं स्टफिंग सगळेच खातात, मग दोन प्रकार कशाला करायचे?

*क्रॅनबेरीचं लोणचं.* हे आमच्या घरात आता दरवर्षी होतं. क्रॅनबेरी पहिल्यांदा चाखली तेव्हा मला करवंद आठवलं, तसाच आंबट आणि किंचित तुरट गर. १२ औंसांचं पाकीट धुऊन, निवडून, फडक्यावर कोरडं करा. फळं अर्धी चिरा. पाव कप तेल तापवून त्यात चमचाभर मोहरी तडतडवा. अर्धा चमचा हिंग, अर्धा चमचा मेथीपूड, अर्धा चमचा हळद घाला आणि आच मंद करा. फळं, तीन चमचे लाल तिखट, अडीच चमचे मीठ आणि अर्धा कप चिरलेला गूळ घालून पाच-सहा मिनिटं परता. साली फुटायला लागल्या की लगेच उतरवा, नाहीतर त्याचा जॅम होतो. चमचे सगळे चहाचे. गार झालं की बरणीत भरून फ्रीजमध्ये. सोमवारी केलं तर गुरुवारपर्यंत छान मुरतं.

*तिसरा पदार्थ.* आईला घारगे आवडायचे. इथे डब्यातला भोपळ्याचा गर वर्षभर मिळतो. साधा गर घ्यायचा, पायसाठी मसाला घातलेला नाही. एक कप गरात पाऊण कप गूळ घालून गूळ विरघळेपर्यंत शिजवा, गार करा. त्यात मीठ, वेलची, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळा. जाडसर थापा आणि तळा. पम्पकिन पाय खाणाऱ्या शेजाऱ्यांना घारग्यांची ओळख करून द्यावी लागत नाही, भोपळा आणि गोड हे नातं त्यांना आधीच माहीत असतं.

मॅश्ड पोटॅटो, फरसबीचं कॅसरोल, पाव हे सगळं दुसऱ्यांवर सोपवा. आणि दूध, दही, कोथिंबीर बुधवारीच आणून ठेवा, गुरुवारी बरीच दुकानं बंद असतात.

पायरी ५: रिकामी खुर्ची

गेलेल्या माणसाचं नाव न काढता जेवण उरकलं तर ते माणूस सगळ्यांच्या घशात अडकून राहतं. आमच्याकडे यासाठी तयार रीत आहे: पान वाढायचं. नैवेद्याचं पान वाढण्याची सवय असलेल्या घराला हे शिकवावं लागत नाही.

जेवायला बसण्याआधी आईचा फोटो ठेवला, समई लावली, छोट्या ताटात दोन घारगे आणि लोणच्याची फोड वाढली. मग प्रत्येकानं आईबद्दल एकेक वाक्य सांगितलं. ज्यांनी तिला पाहिलंच नव्हतं अशा शेजारणीने विचारलं, "त्या काय हसण्यासारखं बोलायच्या?" हा प्रश्न मी जपून ठेवला आहे. 'कशाने गेल्या' हे तोपर्यंत पन्नासजणांनी विचारलं होतं, आई कशी होती हे कुणीच नाही.

दहा मिनिटं पुरतात. ती झाल्याशिवाय आभाराकडे वळू नका. क्रम उलटा केला की आभार खोटे वाटतात, हे आम्ही दुसऱ्या एका घरी अनुभवलं आहे. गेलेली गोष्ट नोकरी असेल, न टिकलेलं गरोदरपण असेल, मोडलेलं लग्न असेल, तरी हेच. घरातल्या ज्याला बोलवेल त्याने एका वाक्यात ते उच्चारावं: "यंदा आमचं हे गेलं." बाकीच्यांनी उपाय सुचवू नयेत.

पायरी ६: आभाराची फेरी

अमेरिकन घरांत टेबलाभोवती फेरी होते, प्रत्येकजण आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगतो. चांगल्या वर्षी ते सोपं असतं. वाईट वर्षी 'कुटुंब, आरोग्य, घर' अशी यादी ऐकताना ज्याचं आरोग्य गेलंय किंवा घर जाण्याच्या बेतात आहे तो मान खाली घालतो. म्हणून प्रश्नच बदला. आम्ही हा विचारतो:

"या वर्षी कुणामुळे तुमचा एखादा दिवस निभावला?"

उत्तरात तीन गोष्टी हव्यात: माणूस, त्याने केलेली कृती, आणि दिवस किंवा प्रसंग. 'मित्रांचा फार आधार होता' यावर थांबायचं नाही. त्या वर्षी नवऱ्याने सांगितलं ते असं: "एप्रिलमध्ये मी रोज सकाळी कपडे करून लायब्ररीत जात होतो, घरी बसवत नव्हतं. तिथल्या काउंटरवरच्या बाई तिसऱ्या दिवसापासून मला खिडकीजवळची जागा राखून ठेवायच्या. कधी काही विचारलं नाही." सहा महिन्यांत हे त्याने मलाही सांगितलं नव्हतं.

फेरीचे नियम थोडेच आहेत. 'मला नाही बोलायचं' म्हणायची सर्वांना मुभा, आणि त्याचं कारण विचारायचं नाही. यजमानाने शेवटी बोलावं. लहान मुलांनी आधी, कारण ती मोकळेपणाने बोलतात आणि मोठ्यांना वाट दाखवतात. आमची लेक म्हणाली, "बसमध्ये माझ्याशेजारी बसली म्हणून," आणि मैत्रिणीचं नाव घेतलं.

येणाऱ्या पाहुण्यांसाठीही दोन शब्द. 'जे होतं ते चांगल्यासाठीच', 'तुमच्याहून वाईट हाल असलेली माणसं आहेत', 'निदान नोकरी तरी आहे ना' ही वाक्यं दाराबाहेर ठेवून या. दुसऱ्याच्या दुःखातून कृतज्ञता उकरून काढायचा हक्क कुणालाच नाही. बोलायला काही सुचलं नाही तर वाढायला उठा, पाणी द्या.

पायरी ७: एक पत्र

या सगळ्यातून एकच गोष्ट करायची ताकद असेल तर टर्की सोडा, घारगे सोडा, हे करा.

मराठीत घरच्या माणसाचे आभार मानणं अवघड आहे. 'धन्यवाद' सभेत शोभतं. 'आभारी आहे' म्हटलं की समोरचं माणूस 'मी काय परकी आहे का?' असं म्हणतं. 'उपकार' शब्दाला ओझं आहे. म्हणून आपण गप्प बसतो आणि समोरच्याला ते कळलंच असेल असं धरून चालतो. पण आपली भाषा या बाबतीत मुकी नाही. 'तुम्ही होतात म्हणून निभावलं', 'बरं झालं तू आलास', 'तुझ्या जिवावर मी तिकडे गेले' ही आभाराचीच वाक्यं आहेत, आणि ती 'थँक यू'पेक्षा खोल जातात.

मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना असंच पत्र लिहून ते ज्याला लिहिलं त्याच्यापर्यंत स्वतः पोहोचवायला सांगितलं होतं. लिहिणाऱ्यांच्या मनावरचा चांगला परिणाम साधारण महिनाभर टिकलेला दिसला. मला महिन्याचा हिशोब सांगता येणार नाही. पण ते पत्र वाचून दाखवल्यावर मे महिन्यापासून छातीवर असलेलं काहीतरी हललं, हे नक्की.

लिहायचं असं. ज्याचे आभार राहून गेलेत असं एक माणूस निवडा, सगळ्यात मोठी मदत करणारं नाही, जे आठवलं की गलबलतं ते. कागदावर लिहा, फोनवर नको. पहिल्याच वाक्यात थेट प्रसंगात शिरा. त्याने काय केलं ते बारकाव्यांसह, मग तेव्हा तुमची अवस्था काय होती ते, मग त्याचं आज काय उरलं आहे ते. एक पान पुरे. उपदेश, सुभाषित, देवाचं नाव काही नको. माझ्या पत्राची सुरुवात देते:

"वहिनी, त्या दिवशी तुम्ही अडीच तास फोन हातात धरून उभ्या होतात. हात बदलताना चित्र हलायचं आणि तुम्ही हळूच म्हणायच्या, 'दिसतंय ना गं?' तुमचं स्वतःचं रडणं तुम्ही माझ्यासाठी थांबवलंत, हे मला नंतर दादाने सांगितलं. आईला शेवटचं पाहिलं ते तुमच्या हातांनी पाहिलं…"

मग फोन लावा आणि वाचून दाखवा. वेळ बघून लावा: नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेलेली असतात, तेव्हा भारत पूर्व किनाऱ्याच्या साडेदहा तास पुढे असतो, मध्य भागाच्या साडेअकरा आणि कॅलिफोर्नियाच्या साडेतेरा. ओहायोत सकाळी नऊ म्हणजे सांगलीत संध्याकाळचे साडेसात. इकडे टीव्हीवर न्यूयॉर्कमधल्या सणाच्या परेडचे मोठाले फुगे निघालेले असतात, टर्की ओव्हनमध्ये जायची असते, तिकडे कुकर लागलेला असतो. आधी एवढंच सांगा: "मी एक लिहिलंय, मध्ये न बोलता ऐका." नाहीतर दुसऱ्या ओळीला 'अगं, त्यात काय एवढं' सुरू होतं. आवाज फुटला तर थांबा, पाणी प्या, पुढे वाचा. आभार ज्याचे मानायचे तेच माणूस गेलं असेल तर पत्र फोटोपुढे वाचा. तेही पोहोचल्यासारखं वाटतं.

मुलांना काय सांगायचं

शाळेत १६२१ ची गोष्ट सांगतात: मॅसॅच्युसेट्समध्ये प्लिमथला आलेल्या इंग्रजांनी आणि तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांनी मिळून कापणीनंतर तीन दिवस जेवणं केली. ती खरी आहे, पण अर्धी. त्या इंग्रजांना घेऊन आलेल्या मेफ्लॉवर जहाजातल्या १०२ प्रवाशांपैकी साधारण निम्मे पहिल्या हिवाळ्यात मेले होते. वाम्पानोआगांची गावंच्या गावं त्याआधीच्या काही वर्षांत साथीने ओस पडली होती. म्हणजे त्या जेवणाला बसलेली दोन्हीकडची माणसं पोळलेली होती. पुढच्या पिढ्यांत वाम्पानोआगांच्या जमिनी गेल्या, युद्ध झालं. १९७० पासून मूळ रहिवासी याच गुरुवारी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे समजतं. दुसऱ्याचं दुःखही त्याच दिवशी आहे हे कळलं की आपल्या दुःखाकडे बघायला मुलं घाबरत नाहीत.

एकटे असाल तर

विद्यार्थी असाल, नुकते आला असाल, तर बहुतेक विद्यापीठांची भोजनगृहं त्या आठवड्यात बंद असतात. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात किंवा महाराष्ट्र मंडळात दोन आठवडे आधी सांगून ठेवा, जेवायला बोलावणारी घरं सापडतात. आणि जी घरं भरलेली आहेत त्यांनी एक खुर्ची जास्त मांडावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी आलेला एक मुलगा तीन आठवड्यांत कुणाशी मराठीत बोलला नव्हता.

हे दिवस फारच अंगावर आले, जगणं नकोसं वाटलं, तर सण बाजूला ठेवा आणि ९८८ या मदतवाहिनीवर फोन किंवा मेसेज करा. चोवीस तास माणूस बोलायला असतं.

शुक्रवार

उरलेलं अन्न जेवणानंतर दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. टर्कीचे तुकडे कांदा-खोबऱ्याच्या वाटणात टाकले की सोमवारपर्यंतची चिंता मिटते. हाडं दोन-अडीच तास मंद आचेवर उकळून गाळली की सूपचं पाणी तयार.

दुकानांपुढच्या सेलच्या रांगांकडे आम्ही त्या दिवशी फिरकत नाही. त्याऐवजी डबे परत करतो. मे महिन्यात, आई गेली त्या आठवड्यात, शेजारणीने रोज दाराबाहेर सूपचा डबा ठेवला होता, बेल न वाजवता. त्यातला निळ्या झाकणाचा एक डबा माझ्याकडेच राहिला होता. डबा रिकामा परत करू नये हे आईचंच सांगणं. शुक्रवारी सकाळी त्यात क्रॅनबेरीचं लोणचं भरलं, वर दोन घारगे कागदात गुंडाळून ठेवले, आणि लेकीला सांगितलं की आपण बेल वाजवायची.